बारावीनंतरचा न शिकवलेला पेपर

एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा सुमारे 20 टक्के, बारावीचा 80. एवढं क्लासवाले पाठ करून घेतात. पण इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम कसा भरायचा, हे कुणी शिकवत नाही. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांत ते बदलता येत नाही. क्रम नुसता मित्राचा पाहून लावणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं!

कागदपत्रांचं त्याहून वाईट. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जातो, तरी अनेक कॉलेजं सूचनाफलकावर कागद डकवून मोकळी होतात. ओबीसींचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र राज्यासाठी वेगळं, केंद्रीय संस्थांसाठी वेगळ्या नमुन्यात. पालकांनो, हे सगळे अर्ज निकालाची वाट न पाहता करा.