एम.एस्सी. झालेली सिस्टर

अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये रात्रपाळी करणारी सिस्टर सरकारी कागदावर ‘अधिपरिचारिका’ असते. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली मेट्रन. ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेने चढायची. शिक्षणाची शिडी वेगळी.

जीएनएम ही पदविका झालेली सिस्टर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करते; बारावीनंतर थेट आलेली मुलगी 4 वर्षांचं बी.एस्सी. करते. 55 टक्के गुण आणि वर्षभराचा कामाचा अनुभव हाताशी असला की 2 वर्षांच्या एम.एस्सी.चं दार उघडतं. अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद ठरवते. वैद्यक-शल्य, बाल, प्रसूती, मानसिक आणि सामुदायिक आरोग्य या 5 शाखांतली एक निवडायची. सोबत प्रबंध, अध्यापनाचा सराव आणि वॉर्ड चालवण्याचं शास्त्र: किती खाटांना किती परिचारिका, ड्युट्या कशा लावायच्या, जंतुसंसर्ग वाढला तर उगम कुठे शोधायचा.

एवढं शिकून ती बहुतेकदा नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाते. कॉलेजांना एम.एस्सी. शिक्षक लागतातच, म्हणून तिला दोष नाही. पण सर्वांत शिकलेली सिस्टर रोग्यापासून दूर गेली, ही गोष्ट मला बोचते.

तिला खाटेजवळच ठेवणारे अभ्यासक्रमही आहेत. अतिदक्षतेतल्या ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, निवासी पद्धतीचा, बहुतेक वेळ आयसीयूत जातो. रोगी तपासणं, रक्तातल्या वायूंचा अहवाल वाचणं, व्हेंटिलेटर सांभाळणं आणि रुग्णालयाने लिहून दिलेल्या नियमांच्या चौकटीत उपचार सुरू करणं ती शिकते. सुईणविद्येतला तसाच अभ्यासक्रम 18 महिन्यांचा. केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2018 मध्ये काढली.

मेळघाटासाठी मला हा दुसरा, सुईणविद्येचा अभ्यासक्रम फार मोलाचा वाटतो. मेळघाटातल्या धारणीत कळा सुरू झालेली बाई समजा. बाळंतपणाची प्रगती नोंदवणाऱ्या प्रचलित पार्टोग्राफच्या तक्त्यावर दोन तिरप्या रेषा असतात: पहिली सावध करणारी, दुसरी हालचाल करायला लावणारी. दोहोंत 4 तासांचं अंतर. गर्भाशयाचं मुख 4 सेंटीमीटर उघडल्यापासून तासाला 1 सेंटीमीटर या गतीने उघडलं नाही, तर नोंद पहिली रेषा ओलांडते. शहरात मोठं रुग्णालय जवळ, त्यामुळे थोडं थांबून पाहता येतं. धारणीहून सेमाडोह, परतवाडा करत अमरावतीचं डफरीन हे स्त्री रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. दुसऱ्या रेषेची वाट पाहत बसलं, तर तेच 4 तास हातचे जातात. तयार सुईण पहिल्याच रेषेवर रक्तदाब, बाळाचे ठोके, हिमोग्लोबिन पुन्हा पाहते, गाडी बोलावते आणि डफरीनला फोन करते. गुंतागुंत नसेल, तर बाळंतपण तीच करते.

अशी सिस्टर तयार झाल्यावर तिच्यासाठी मंजूर पद लागतं, त्या पदाचा पगार लागतो आणि कोणती औषधं ती स्वतः सुरू करू शकते याचा लेखी आदेश लागतो. आदेश नसेल, तर पहिल्या रेषेवर तिला कळलेलं असतं, पण सही दुसऱ्या कुणाची तरी लागते.