केनियाच्या संघाचा मराठी शिक्षक

आपला खेळाडू परदेशी जातो तो बहुधा जिंकण्यासाठी. शिकविण्यासाठी जाणारे थोडे. आणि ज्यांना शिकविले तेच शिष्य स्वदेशाच्या संघापुढे उभे ठाकले, असा प्रसंग तर विरळाच. मुंबईचे संदीप पाटील यांच्यावर तो २००३ साली आला.

पाटील हे मुळात धाडसी फलंदाज. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीच्या कसोटीत लेन पॅस्को यांचा वेगवान चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. तरी पुढल्याच, ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी १७४ धावा काढल्या. १९८२ साली मँचेस्टर येथे बॉब विलिस यांच्या एका षटकात त्यांनी सहा चौकार मारले, आणि १९८३ च्या विश्वविजयी संघातही ते होते. परंतु असले मनगट शिष्याच्या हाती देता येत नाही. गणितात स्वतः पहिला येणारा मनुष्य वर्गात पुष्कळदा निरुपयोगी ठरतो, हे आम्हा मास्तर लोकांस चांगले ठाऊक आहे. कोणाच्या अंगी काय आहे ते हेरणे, आणि जे नाही त्याचा हट्ट न धरणे, ही विद्या खेळण्याहून निराळी.

केनियाला कसोटी सामन्यांचा दर्जा नव्हता. खेळाडू इतके मोजके, की केनेडी ओटिएनो आणि कॉलिन्स व डेव्हिड ओबुया हे तिघे भाऊ एकाच संघात होते. अशा संघाचे प्रशिक्षकपद पाटील यांनी पत्करले. २४ फेब्रुवारी २००३ रोजी नैरोबी येथे केनियाने २१० धावा केल्या व श्रीलंकेचा डाव १५७ धावांत संपविला. कॉलिन्सच्या फिरकीने २४ धावांत ५ बळी घेतले. न्यूझीलंडचा संघ सुरक्षिततेच्या भीतीने नैरोबीस आलाच नाही, ते गुण केनियाला फुकट मिळाले, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खरा आहे. पण श्रीलंका व पुढे झिंबाब्वे, हे दोन्ही संघ मैदानावरच हरले. कसोटी दर्जा नसलेला देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत प्रथमच पोचला.

तेथे, २० मार्च रोजी दरबानला, समोर भारत! वीस वर्षांपूर्वी ज्या संघातून चषक जिंकला, त्याच देशाच्या संघाला हरविण्याची योजना पाटील यांना आखावयाची होती. यात कोणास स्वदेशाशी बेइमानी दिसेल. मला मात्र वाटते, त्या दिवशी हातचे राखून शिकविले असते, तर तीच खरी प्रतारणा ठरती. सौरव गांगुली यांनी नाबाद १११ धावा केल्या, भारताच्या २७० झाल्या. केनियाचा डाव १७९ वर आटोपला. त्यात कर्णधार स्टीव्ह टिकोलो यांच्या ५६.

पुढील हकीकत सुखाची नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातील जुने मालगुजारी तलाव एका चांगल्या पावसाने भरतात, पण गाळ काढणारा आणि पाळ राखणारा कोणी नसेल तर ते पाणी फार काळ टिकत नाही. केनियात खेळाडू व मंडळ यांचे पैशांवरून तंटे झाले, नवी पिढी तयार झाली नाही, आणि २०१४ साली एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. पाटील तोवर मायदेशी भारताच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले होते.