इमारतींचं वीजबिल (भाग ७) : करच नाही, तर सवलत कसली?

मागच्या भागात अमेरिकेतल्या घरमालकांना आणि कंपन्यांना मिळणाऱ्या करसवलती पाहिल्या. त्यावर एक शंका साहजिक आहे. बेघरांचा निवारा, अन्नछत्र, चर्च, मंदिर, युवक केंद्र अशा धर्मादाय संस्थांना तिथे आयकर माफ असतो. मग त्यांनी गळकं छत बदललं, भिंतींत इन्सुलेशन घातलं, तर सवलत वळती करून घ्यायची कशातून?

यावर काढलेली एक पळवाट पाहण्यासारखी आहे. २००५च्या ऊर्जा कायद्याने करसंहितेत '१७९डी' हे कलम आणलं. ऊर्जा वाचवणाऱ्या व्यापारी इमारतींना त्यातून करपात्र उत्पन्नात वजावट मिळते. सरकारी इमारतीला कर नसल्यामुळे ती वजावट आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या नावे करून देण्याची मुभा होती. २०२२च्या 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट'ने हीच मुभा धर्मादाय संस्थांनाही दिली. म्हणजे इमारत संस्थेची, वजावट आर्किटेक्टची. आणि संस्थेच्या पदरात काय पडणार, हे फीवरून किती घासाघीस जमते त्यावर. हा द्राविडी प्राणायामही आता संपला म्हणायचा. २०२५च्या कायद्याने ३० जून २०२६नंतर बांधकाम सुरू होणाऱ्या कामांसाठी ही वजावट बंद केली.

थेट पैसे देण्याचा सरळ मार्ग २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात होता. त्यातल्या कलम ४०५४२खाली पाच वर्षांसाठी ५ कोटी डॉलर ठेवले गेले आणि ऊर्जा खात्याने 'रिन्यू अमेरिकाज नॉनप्रॉफिट्स' या नावाने योजना आखली. छत, दिवे, खिडक्या, दारं, हीटिंग-कूलिंगची यंत्रणा आणि त्यासाठी लागणारं वायरिंग-प्लंबिंग, अशा कामांसाठी एका इमारतीला कमाल २ लाख डॉलर. अर्ज तपासताना पाहायच्या गोष्टी कायद्यातच दिल्या आहेत : ऊर्जा किती वाचेल, त्या मानाने खर्च किती, बचत मोजून पडताळण्याची योजना आहे का, आणि संस्थेची आर्थिक गरज.

यातली तिसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते. नवं युनिट छतावर चढलं, फोटो निघाला, की काम झालं असं समजणारे विश्वस्त जगभर आहेत. रविवारी दोन तास भरणारा हॉल आठवडाभर गरम ठेवला जात असेल, तर दोष यंत्रापेक्षा टायमरचा असतो, आणि टायमर स्वस्त असतो. कामांचा क्रमही महत्त्वाचा. आधी फटी बुजवून इन्सुलेशन केलं तर लहान हीट पंप पुरतो. आधी जुन्याच मापाचं यंत्र आणलं, तर पुढची पंधरा वर्षं गरजेपेक्षा मोठं यंत्र पोसावं लागतं.

दोन-चार कर्मचाऱ्यांच्या संस्थेला हे सगळं झेपणार कसं? केंद्रीय पैसा आला की मजुरांना त्या भागातला ठरलेला दर द्यावा लागतो, त्याचे पगारपट ठेवावे लागतात. वास्तू जुनी असेल तर वारसा जपणुकीची तपासणी वेगळी. म्हणून खात्याने एकेका संस्थेचे अर्ज न घेता मध्यस्थ मोठ्या संस्था निवडल्या. अशा नऊ संस्थांना मिळून ४.५ कोटी डॉलर. इमारती शोधणं, एनर्जी ऑडिट, हिशेब हे त्यांच्याकडे. कल्पना उत्तम, रक्कम मात्र तुटपुंजी. प्रत्येक इमारतीला कमाल रक्कम दिली तर ४.५ कोटींत २२५ इमारती होतात. त्या देशात धर्मादाय संस्था दहा लाखांहून अधिक आहेत.

दुसरी उणीव अधिक खटकते. इमारत संस्थेच्या मालकीची हवी, असं कायदा म्हणतो. आर्थिक गरज निकषात घालायची आणि भाड्याच्या जागेत चालणाऱ्या संस्था, म्हणजे बहुधा सर्वांत गरजू, दाराबाहेर ठेवायच्या, हे मला पटत नाही. आपल्या वाचकांना हे चटकन कळेल. शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन गणेशोत्सव करणारं तिथलं महाराष्ट्र मंडळ करमुक्त असलं तरी या अनुदानाला पात्र नव्हतं. स्वतःची वास्तू असलेलं मंदिर मात्र मध्यस्थ संस्थेकडे निदान अर्ज करू शकत होतं.

सौर पॅनेलांचं गणित वेगळं आहे. २०२२च्या कायद्याने कर न भरणाऱ्या संस्थांनाही सौर प्रकल्पाच्या खर्चाचे साधारण ३० टक्के सरकारकडून रोख मिळण्याची सोय केली. २०२५मध्ये तिलाही मुदत लागली : काम ४ जुलै २०२६पर्यंत सुरू झालेलं हवं, नाहीतर २०२७ संपेपर्यंत प्रकल्प चालू तरी हवा. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

तोवर अमेरिकेतल्या ज्या वाचकांकडे एखाद्या संस्थेचं विश्वस्तपद आहे, त्यांनी मागच्या बारा महिन्यांची वीज आणि गॅसची बिलं एका फाइलीत लावावीत आणि 'एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर'वर भरावीत. ते साधन फुकट आहे. अनुदान केंद्राचं असो, राज्याचं असो की वीज कंपनीचं, अर्जात पहिल्यांदा हीच माहिती मागतात.