पुलाच्या जिन्यावर लागणारी धाप

चर्चगेट स्थानकातून नरिमन पॉइंटच्या कार्यालयांपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. शेअर टॅक्सीची रांग मोठी दिसली की अनेक जण सरळ पायीच निघतात. घरापासून स्थानक, स्थानकातला पूल, फलाट बदलताना झालेली धावपळ आणि शेवटची ही चाल, असा सगळा हिशेब मांडला तर मुंबईचा नोकरदार दिवसाकाठी चांगला तासभर पायांवर असायचा. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते. ती नुसती 'दगदग' होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या आणि ही दगदग एका दिवसात संपली. लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलची दारे पुन्हा उघडली. कार्यालये मात्र एकदम भरली नाहीत. कुणी काही महिन्यांनी परतले, कुणी आठवड्यातून दोन-तीन दिवस जाऊ लागले, तर काहींना 'आता पाचही दिवस या' असा निरोप बऱ्याच उशिरा आला. परतणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. पूर्वी जो पूल बोलत बोलत चढत होतो, त्याच्या जिन्यावर आता धाप लागते.

या धापेकडे दुर्लक्ष करू नये. तिचे एक कारण साधे असते आणि एक गंभीर असू शकते.

सवय मोडते म्हणजे काय?

साधे कारण म्हणजे शरीराची क्षमता कमी होणे. वापर थांबला की स्नायू आणि हृदय किती लवकर मागे पडतात, हे १९६६ मध्ये अमेरिकेतील डलास येथे झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून दिसले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले गेले. तेवढ्यात प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव भागाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही त्यांचे तेवढे नुकसान केले नव्हते, जेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते. घरून काम करणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे खरे. पण पलंगावरून उठून चार पावलांवरच्या खुर्चीत बसायचे आणि तिथेच दिवस संपवायचा, हा दिनक्रम त्याच दिशेने नेणारा आहे.

याच प्रयोगात दिलासा देणारी गोष्टही आहे. पन्नाशीत पोहोचलेल्या त्या पाच जणांनी सहा महिने नियमित आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केला, तेव्हा वयामुळे गमावलेली क्षमता त्यांना भरून काढता आली. गेलेला दम परत येतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

चालक आणि वाहक

रोजच्या कामातली हालचाल हृदयाच्या किती उपयोगी पडते, याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून आला. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बसचालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दोघांची बस एक, शहर एक. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. मॉरिस तिथेच थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर तरुण वयापासूनच जास्त असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नव्हते. तरीही टपाल वाटणारे आणि टपाल कचेरीत बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक दिसला, आणि नंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला.

आपली लोकलची दगदग ही त्या वाहकाच्या पायऱ्यांसारखीच होती. पण म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बदलापूर किंवा विरारहून निघणाऱ्याची पहाटेची झोप त्या प्रवासात जाते. गर्दीत तासभर एका पायावर उभे राहणे हा व्यायाम नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून कित्येक स्त्रिया सकाळपासून मुद्दाम पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला तोंड देतात. घरून काम करताना हे त्रास टळले होते, हेही मान्य करायला हवे. चीनमधील एका प्रवास कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरील अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. त्याचा फायदा स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना विशेष झाला. तेव्हा आरोग्याच्या बाजूने प्रश्न घर की कार्यालय असा नाही. जिथे असू तिथे दिवसात हालचाल, झोप आणि पाणी किती, असा आहे.

धाप कधी गंभीर?

आता दुसरे कारण. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत लवकर वयात गाठतो. घरी बसून गेलेल्या काळात अनेकांचे वजन वाढले, रक्तदाब आणि साखरेच्या तपासण्या लांबणीवर पडल्या. घरात पायऱ्या नव्हत्या, म्हणून त्रासही जाणवला नाही. मग स्थानकाचा पूल हीच पहिली 'स्ट्रेस टेस्ट' ठरते.

सवय मोडल्याची धाप दोन-चार मिनिटांत बसते आणि दोन-तीन आठवड्यांत कमी कमी होत जाते. धाप दिवसेंदिवस वाढत असेल, जिना चढताना छातीवर दाब येत असेल आणि थांबल्यावर तो जात असेल, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, दरदरून घाम किंवा भोवळ येत असेल, तर 'सवय गेली' असे म्हणून पुढची गाडी पकडू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. बसल्या जागीही छातीतला दाब जात नसेल तर थेट रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ किंवा दम लागणे एवढेच लक्षण असू शकते.

परतताना एवढे करा

कामावर जाण्याच्या आठवडाभर आधीपासून उठण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणा. उठल्यावर उघड्यावर उजेडात थोडे चाला. सकाळचा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट प्रखर असतो आणि मेंदूतले घड्याळ त्यावरच लागते.

चाळिशी उलटली असेल तर रक्तदाब आणि साखर आधीच तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे पाच मिनिटे लवकर निघा, म्हणजे पूल धावत चढावा लागणार नाही. दम स्थिर झाला की शेअर टॅक्सीऐवजी चालत जाण्याचे दिवस वाढवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. स्थानक ते कार्यालय असे पंधरा मिनिटे जाता-येता पाच दिवस चाललात, तर १५० मिनिटे तिथेच होतात.

खुर्चीतून अर्ध्या तासाने उठा. २०२३ मधील एका अमेरिकी प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने जेवणानंतर वाढणारी साखर बरीच कमी राहिली. त्यात अवघे ११ जण होते, पण उठून पाण्याची बाटली भरून आणण्याने नुकसान काहीच नाही. पाणी कार्यालयात पोहोचताच प्या आणि परतीच्या प्रवासाआधी स्वच्छतागृहात जाऊन या.

आणि जिन्यावर धाप लागली तर कठड्याला धरून बाजूला थांबा. मागची गर्दी पुढे जाऊ द्या. पुढची लोकल चार मिनिटांत येतेच.