लिनक्स कर्नल आणि उपकरणांची स्थिर ओळख

प्रस्तावना :
संगणकास जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला कार्यप्रणाली नाव देते. लिनक्समध्ये प्रथम आढळलेल्या डिस्कला सामान्यतः ‘एसडीए’, तर दुसरीला ‘एसडीबी’ असे नाव मिळते. हे नाव डिस्कचे नसून तिच्या क्रमाचे असते. डिस्कचा शोध समांतरपणे चालत असल्याने, अथवा नवी डिस्क जोडल्याने, पुढील वेळी हा क्रम बदलू शकतो. अशा वेळी जुन्या नावावर विसंबून दिलेली फॉरमॅटची आज्ञा भलत्याच डिस्कवरील माहिती नष्ट करते.

उपाययोजना :
२००३ मध्ये पुढे आलेल्या ‘यूडेव्ह’ प्रणालीने नामकरणाचे नियम कर्नलबाहेर नेले. कर्नल उपकरण आढळल्याची सूचना देतो आणि यूडेव्ह त्यास स्थिर पर्यायी नावे जोडते. ही नावे प्रामुख्याने तीन आधारांवर ठरतात :
(अ) जोडणीचा मार्ग,
(ब) निर्मात्याने दिलेला अनुक्रमांक,
(क) फाइल प्रणालीत नोंदलेला यूयूआयडी. लिनक्सच्या प्रमुख फाइल प्रणालींत तो १२८ बिटांचा असतो.
पहिली ओळख जागेची, दुसरी वस्तूची आणि तिसरी आशयाची होय. डिस्क दुसऱ्या जोडणीवर लावल्यास पहिली बदलते, उर्वरित दोन्ही सहसा टिकतात. मात्र डिस्कची तंतोतंत प्रत केल्यास दोन्ही डिस्कवर एकच यूयूआयडी येतो.

निष्कर्ष :
स्थिरता कशाची हवी, हे आधी ठरविणे आवश्यक आहे. सर्व्हर सुरू होताना फाइल प्रणाली जोडण्यासाठी यूयूआयडी योग्य ठरतो. डिस्क पुसण्यापूर्वी मात्र अनुक्रमांकच पडताळून पाहावा.