मैदानाच्या कडेला (भाग ६) : गादीच्या खोळीचा गणवेश

शहपुऱ्यात संध्याकाळी पोरं बॅट घेऊन जमली, की कडेला एखादी आई डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बसलेली असतेच. स्कोअर तिला विचारू नका. कोणाचा गुडघा फुटलाय, कोण उपाशी आलाय, ते विचारा. मागच्या भागात मैदान आखणाऱ्याबद्दल बोललो, आज या आईकडे वळू. तिची एक जुनी बहीण अमेरिकेत होती, जपानहून गेलेली.

१९०८ ते १९२० या काळात हजारो जपानी मुली अमेरिकेला गेल्या, त्या फोटोवरून लग्न ठरवून. फोटो पाहून स्थळ पसंत करणं आपल्याला नवं नाही. पण इथे नवरा पहिल्यांदा दिसायचा तो थेट बंदरावर, आणि फोटो कधीकधी बऱ्याच वर्षांपूर्वीचा निघायचा. पुढे शेतात राबायचं, भाड्याच्या घरात राहायचं. कॅलिफोर्नियात १९१३च्या कायद्यानं जपानहून आलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नव्हती. १९२२मध्ये ताकाओ ओझावा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नागरिकत्वाचं दारही लावून घेतलं. (पुढच्याच वर्षी आपल्या भगतसिंग थिंड यांची तीच गत झाली.) जपान्यांसाठी ते दार उघडायला १९५२ उजाडलं. मुलं मात्र तिथेच जन्मलेली, म्हणून जन्मतः नागरिक. एकाच चुलीवर जेवणारी आई परकी आणि मुलगा देशाचा.

अशा घरातला मुलगा बेसबॉल खेळू लागला, की तो ‘अमेरिकन झाला’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बेसबॉल जपानात १८७२च्या सुमारासच पोचला होता आणि तिथल्या शाळांमध्ये रुजलाही होता. म्हणजे आईला हा खेळ माहेरचाच होता. फ्रेस्नोसारख्या गावांत जपानी वस्तीचे स्वतःचे संघ होते, रविवारचा सामना म्हणजे जत्राच, आणि जत्रा म्हटली की भाताचे गोळे वळणारे हात कुणाचे, हे सांगायला नको.

मग जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२च्या सरकारी हुकुमानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत फ्रेस्नोचे केनिची झेनिमुरा आले. उंची जेमतेम पाच फूट, पण १९२७मध्ये बेसबॉलचे दादा बेब रूथ आणि लू गेरिग यांच्यासोबत मैदानात उतरलेला माणूस. त्यांनी मुलांना हाताशी धरून झुडपं उपटली, पाणी वळवलं, कुंपणाचे खांब आणि मिळेल तिथून लाकूड जमवून प्रेक्षकांसाठी बाकं केली. १९४३मध्ये मैदान सुरू झालं. मैदानाची सीमा होती एरंडाच्या झाडांची! ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

गणवेशाचं काय करायचं? छावणीत गाद्यांसाठी जे जाड, पट्ट्यापट्ट्यांचं कापड असे, तेच बायकांनी कापलं आणि त्याचे शर्ट-विजारी शिवल्या. झेनिमुरांवर पुस्तकं आहेत, शिवणाऱ्या बहुतेक बायांची नावं मात्र त्यांत शोधून सापडत नाहीत. १८ एप्रिल १९४५ रोजी छावणीतल्या शाळेच्या संघानं टूसॉनच्या नामवंत शाळेला याच मैदानावर दहाव्या डावात ११-१० असं हरवलं. धावफलकावर शिवणाचा रकाना नसतो.

एका आईचं नाव मात्र ठाऊक आहे : तात्सुयो मिसाका. युटा राज्यातल्या ऑग्डेनमध्ये नवऱ्याचं केशकर्तनालय, तळघरात. नवरा वारला तेव्हा थोरला वॅट पंधरा-सोळा वर्षांचा. मुलांना घेऊन हिरोशिमाकडे परतावं, असं तिच्या मनात आलं. वॅट म्हणाला, तुम्ही जा, मी इथेच राहणार. झालं, ती थांबली. कात्री हातात घेतली आणि दुकान चालवलं. युटा पश्चिम किनाऱ्यापासून दूर, त्यामुळे हे कुटुंब छावणीतून वाचलं. वॅट १९४४मध्ये युटा विद्यापीठाच्या विजेत्या बास्केटबॉल संघात होता. १९४७मध्ये न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघानं त्याला घेतलं. तीन सामने, सात गुण, आणि सुट्टी. पण निक्स खेळत त्या लीगमधला तो पहिला गौरेतर खेळाडू.

१९४४ आणि १९४७च्या मधल्या काळात तो अमेरिकी सैन्यात होता. युद्ध संपल्यावर त्याला जपानला पाठवलं, बाँबहल्ल्यातून वाचलेल्यांशी बोलायला. गाव हिरोशिमा. आई जिथे परतणार होती, ते हेच.

(पुढच्या आठवड्यात : स्कोअररची वही)