दूध-पावडर आणि प्रतिपिंडाची साक्ष

वारणानगरच्या मुलांना दूध-पावडर नवी नाही. तीच जीवरसायनाच्या प्रयोगशाळेतही लागते!

पेशीतला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ‘ईझेडएच-२’ हे प्रथिन एच-३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवर मिथिल गट जोडते आणि जवळची जनुके गप्प होतात. काही कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर आढळते. ते ओळखायचे कसे?

पेशींचा अर्क जेलमध्ये घालून वीजप्रवाह सोडला की लहान प्रथिने पुढे धावतात, मोठी मागे राहतात. मग ती पातळ पडद्यावर उतरवतात. ही ‘वेस्टर्न ब्लॉट’ पद्धत १९७९ची. (डीएनएसाठी अशी पद्धत १९७५ साली सदर्न यांनी दिली होती, आडनावाचा अर्थ दक्षिणेचा, म्हणून ही पश्चिमेची!) प्रतिपिंड पडद्यालाच चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा साय काढलेल्या दुधाच्या ५ टक्के द्रावणाने आधीच भरतात.

सुमारे ८५ किलोडाल्टनला पट्टी दिसली की काम झाले, असे वाटते. पण ‘ईझेडएच-१’ हे भावंडही जवळपास तेवढेच! म्हणून ईझेडएच-२चे जनुकच काढून टाकलेल्या पेशींचा अर्क शेजारच्या खाचेत भरावा. तेथेही त्याच जागी तशीच पट्टी उमटली, तर लेबल काहीही म्हणो, ती बाटली बाजूला ठेवावी लागते.